रिकाम्या केबिनचा आलेख

ताईचं मशीन बंद पडलं तेव्हा तिने फोन केला नाही. थेट कागद गिरणीत माझ्या खोलीत आली, पर्स टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "बारक्या, पेटी गेली."

तिचा आवाज असा होता की पलीकडच्या टेबलावरच्या स्टोअरकीपर बाई सांत्वनाला उठून उभ्या राहिल्या. मी त्यांना हातानेच बसवलं. पेटी म्हणजे ताईचं कान तपासायचं मशीन. आणि बारक्या म्हणजे मी, वय बावन्न, वजन विचारू नका. गिरणीतले सगळे कॉम्प्युटर मी सांभाळतो. लोकांनी टाकून दिलेले कॉम्प्युटर घरी आणून त्यांच्यावर लिनक्स ही मोफत प्रणाली चढवणं हा माझा छंद आहे. बायको त्याला छंद म्हणत नाही.

ताईचा दवाखाना दुसऱ्या मजल्यावर आहे, खाली चष्म्याचं दुकान. बाहेरच्या खोलीत चार खुर्च्या आणि एक वजनाचा काटा, जो कुणी वापरत नाही. आतल्या खोलीत आवाजबंद केबिन. कपाटापेक्षा थोडी मोठी, आतून भिंतींना खरखरीत करडं कापड, दाराला रबराची किनार, आणि पेटीच्या बाजूला दुहेरी काचेची खिडकी. आत एक खुर्ची, एक हेडफोन आणि लांब वायरच्या टोकाला एक बटण. वापरात नसलं की बटण हुकाला टांगलेलं असतं. पेशंट आत बसतो, ताई बाहेर पेटीसमोर. ती एकेक सूर सोडते. ऐकू आला की पेशंटने बटण दाबायचं, ऐकू येतोय तोवर दाबून धरायचं, थांबला की सोडायचं. बटण दाबलेलं असेपर्यंत पेटीवर पिवळा दिवा लागतो.

"नवी घे की," मी म्हटलं.

"नव्यांना दाबलं एवढंच कळतं. किती वेळ धरून ठेवलं ते कळत नाही. मला तेच लागतं."

ते खरं होतं. नुसता अंदाज मारणारा माणूस बटण दाबतो आणि चटका बसल्यासारखं सोडतो. घाबरलेला उशिरा दाबतो. एकदा शिवणकाम करणाऱ्या एक बाई आल्या होत्या. सूर थांबला तरी त्यांचं बोट सुटेना. ताईने माइकवरून सांगितलं, "बाई, थांबला आवाज." त्या म्हणाल्या, "नाही हो, चालूच आहे." तीन डॉक्टर करून आल्या होत्या, पण त्यांच्या कानात दिवसरात्र काय वाजतं ते पहिल्यांदा ताईलाच कळलं, आणि तेही त्या अडकलेल्या बोटामुळे.

पेटी सोडवत नव्हती याला आणखी एक कारण होतं. ते आम्ही दोघंही बोललो नाही.

रोज सकाळी पहिला पेशंट यायच्या आत पेटी तपासावी लागते. समोरच्याचा कान बिघडलाय की पेटीच चुकतेय हे कळायला एक ओळखीचा कान लागतो, रोज तोच. सात वर्षं तो कान आईचा होता. ती ताईकडे राहायला आली तेव्हापासून सकाळी साडेनऊला केबिनमध्ये जाऊन बसायची. कानातली काढून चष्म्याच्या डबीत ठेवायची, हेडफोन घालायची, आणि डोळे मिटून, पाठ ताठ करून बटण दाबायची. दहा मिनिटांनी बाहेर येऊन विचारायची, "आज पास का गं मी?"

आई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. लोकांचं बोलणं कानात शिरूनही काही ऐकलं नाही असा चेहरा ठेवायचा, ही नोकरी तिने तीस वर्षं केली. तिचा आलेख ताईला पाठ होता. खालचे सूर सरळ रेषेत, मग उंच सुरांशी तीन पायऱ्या खाली. आणि डाव्या कानात एका जागी छोटीशी खाच, तीस वर्षं हेडफोन त्याच कानावर लावल्याची. आईला जाऊन चार वर्षं झाली. तेव्हापासून ताई स्वतःच्या कानावर भागवत होती आणि त्या कानाला सारखी सर्दी व्हायची.

"बघतो," मी म्हटलं. "पण तू माझ्या डोक्यावर उभी राहायचं नाहीस."

ती तिन्ही रविवार माझ्या डोक्यावर उभी होती.

पेटीची डिस्क कायमची गेली होती. डिस्कवरची मूळ प्रणाली पुन्हा देणारं कुणी उरलं नव्हतं. कंपनी बुडून वीस वर्षं झालेली. प्रोसेसर असल्या जातीचा की ती जातच आता नामशेष झालीय. पेनड्राइव्ह म्हणजे काय हे पेटीला ठाऊक नव्हतं. तिच्या पाठीमागे नऊ पिनांचं एक जुनं पोर्ट होतं, त्यातून माझा लॅपटॉप जोडला. पहिल्या रविवारी तिने एक ओळ छापली आणि गप्प झाली. ताई म्हणाली, "काहीतरी बोलली ना?" मी म्हटलं, "हो. 'मेमरी नाही' म्हणाली." ताई म्हणाली, "वयच झालंय तिचं."

लिनक्सच्या हल्लीच्या आवृत्त्यांनी त्या प्रोसेसरचा नाद सोडला होता. मी अकरा वर्षं जुनी आवृत्ती शोधली, आठवडाभर गिरणीच्या मशीनवर ती पेटीसाठी बांधली आणि दुसऱ्या रविवारी पेटीत नवी डिस्क बसवून नेटवर्कच्या वायरीतून तिला भरवली. पडद्यावर हिरव्या ओळी धावायला लागल्या. एकेक भाग सापडल्याची नोंद येत होती, घड्याळ, पडदा, कळफलक. मला अशा वेळी फार बरं वाटतं. मेलेल्या वस्तूला स्वतःचे हातपाय एकेक करून आठवतायत, असं काहीसं.

सूर काढणारं कार्ड मात्र तिला आठवेना. त्याचा ड्रायव्हर, म्हणजे ते चालवणारा प्रोग्राम, मीच लिहिला, बटणाचाही. अकराशे चाळीस ओळी. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे जे झालं ते ऐकून लोक म्हणतात, आत काहीतरी लपलेलं असेल. या प्रणालीत काही लपत नाही. सगळं उघडं असतं, वाचता येतं, आणि माझ्या त्या ओळी मी इतक्या वेळा वाचल्यात की झोपेत म्हणून दाखवीन.

तिसऱ्या रविवारी दुपारी पेटी बोलायला लागली. मी आत जाऊन बसलो, ताईने सूर सोडले, मी बटण दाबलं, दिवा लागला. माझा आलेख पाहून ताई म्हणाली, "तुला बायकोचं का ऐकू येत नाही ते कळलं." मग मी बाहेर आलो, बटण हुकाला टांगलं, दार लावलं. ताईने खात्री म्हणून आणखी एक सूर सोडला, खालचा, मध्यम आवाजाचा.

दिवा लागला. सूर थांबला तसा मालवला.

"वायर सैल असेल," मी म्हटलं. वायर काढून पुन्हा बसवली. ताईने सूर सोडला. दिवा लागला, मालवला. मग तिने तोच सूर हळू केला, आणखी हळू, आणखी हळू. एका पातळीनंतर दिवा लागेनासा झाला. वायरीच्या गडबडीला सूर लहान की मोठा याचं सोयरसुतक नसतं. मी मान्य करायला तयार नव्हतो.

"पूर्ण घेऊ का तपासणी?" ताईने विचारलं. ती थट्टेनेच म्हणाली असावी.

दहा मिनिटं लागली. मी खिडकीच्या काचेतून आत बघत होतो. खुर्ची रिकामी होती, हेडफोन खुर्चीच्या पाठीवर, बटण हुकावर. कापडावर माझ्या पाठीचा दाब पडलेला तो हळूहळू उतरत होता. इकडे पडद्यावर ठिपके पडत होते आणि ताईची बडबड एकेका ठिपक्यागणिक कमी होत गेली. शेवटचा ठिपका पडल्यावर तिने कागद छापून घेतला, कपाटातून जुनी फाइल काढली, त्यातला एक कागद उपसला आणि दोन्ही कागद एकावर एक धरून रस्त्याकडच्या खिडकीच्या काचेवर दाबले.

बाहेर लख्ख ऊन होतं. दोन आलेखांची मिळून एकच रेघ दिसत होती, सरळ, मग तीन पायऱ्या, आणि डाव्या कानाची खाच.

नव्या डिस्कवर आईचा एकही आकडा नव्हता. डिस्क मी स्वतः भरली होती.

ताई रडेल असं मला वाटलं. ती कागद खाली घेऊन नीट घडी करत म्हणाली, "पेटी बरोबर आहे, बारक्या. उद्यापासून पेशंट बोलावते."

आणि तिने बोलावले. रोज साडेनऊला ती केबिनचं दार उघडायची, "ये गं" म्हणायची, जरा थांबून दार लावायची, आणि दहा मिनिटं तपासणी घ्यायची. रेघ रोज तीच. पेशंट खुर्चीत असला की दिवा पेशंटच्याच बोटाने लागायचा, मध्ये कुणी लुडबुड करत नसे. आईला रांगेची शिस्त पहिल्यापासून होती. मी गिरणीत जायच्या आधी वाकडी वाट करून तिकडे डोकावायला लागलो. घरी बायकोला सांगितलं, ड्रायव्हरमध्ये बारीकसारीक काम उरलंय. खरं म्हणजे मलाही ती दहा मिनिटं हवी होती. आई असताना सात वर्षांत मी त्या वेळेला एकदाही गेलो नव्हतो.

का गेलो नव्हतो ते सांगायलाच हवं.

ताईकडे जायच्या आधी आई दोन वर्षं माझ्याकडे होती. टीव्ही मोठ्याने लावायची, मी कॉम्प्युटर उघडून बसलो की पाठीशी येऊन स्क्रू मोजायची, भाजीत मीठ कमी आहे हे बायकोला न सांगता मला सांगायची. प्रेमळ होती आणि अखंड होती. एका रविवारी दुपारी ती पुढच्या खोलीत पाठमोरी बसून पेपर वाचत होती. मी स्वयंपाकघरात बायकोला हलक्या आवाजात म्हणालो, "मला हिचा कंटाळा आलाय गं. ताईने नेलं तर सुटेन मी." बायको गॅसकडे वळली. घड्याळाकडे बघून म्हणाली, "सव्वातीन झाले, चहा टाकते." दार अर्धं लोटलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी आई म्हणाली, "ताईच्या मशीनला कान हवाय म्हणते. जाते थोडे दिवस." बुधवारी गेली. थोड्या दिवसांची सात वर्षं झाली. माझ्याशी ती कधी वेगळी वागली नाही. फोनवर तेच, जेवलास का, स्क्रू सापडला का.

तिने ऐकलं होतं का, हे मला कळलं नाही. विचारायची हिंमत झाली नाही. पुढे एकदा ताईने कौतुकाने आईचा आलेख मला दाखवला तेव्हा मी तो हावरटासारखा पाहिला. मग घरी जाऊन स्वयंपाकघरापासून त्या खुर्चीपर्यंतची पावलं मोजली, नऊ भरली. एवढ्या अंतरावरून, अर्ध्या दारातून, तेवढ्या दबक्या आवाजातलं बोलणं त्या कानाला पोचणार नाही असा हिशेब मी मांडला. तो हिशेब मला इतकी वर्षं पुरला.

आता तो कान पुन्हा समोर होता.

एका शनिवारी दुपारी ताई बँकेत गेली. मी केबिनचं दार अर्धं उघडं ठेवलं, नऊ पावलं मागे गेलो, बाहेरच्या खोलीत वजनाच्या काट्याजवळ उभा राहिलो आणि तेच वाक्य त्याच आवाजात म्हणालो. तिथून पेटी दिसत होती. दिवा लागला नाही. घसा साफ करून पुन्हा म्हणालो. नाहीच लागला.

माझा जीव भांड्यात पडला. ताई आली तेव्हा मी तिचे कप धुऊन ठेवले होते आणि गुणगुणत होतो. तिने मला ताप आहे का ते पाहिलं.

त्याच्या पुढच्या आठवड्यात आलेख हलला.

आधी फक्त खाच बुजली. ताईला वाटलं पेटीचं माप सरकलं, तिने स्वतःचा कान लावून पाहिला, माप जागच्या जागी होतं. मग एकेक पायरी वर यायला लागली. दहा दिवसांत रेघ सरळ झाली, पंधराव्या दिवशी ती निरोगी माणसाच्या रेघेच्याही वर गेली. त्याच्या वर पेटीत आकडेच नव्हते.

"आईचे कान सुधारले," ताई म्हणाली. तिच्या आवाजात पोराचा निकाल सांगावा तसा अभिमान होता. मी तिच्यासोबत हसलो. मनात मी पुन्हा ती नऊ पावलं मोजत होतो.

मग दिवा सुरांशिवाय लागायला लागला. केबिनचं दार बंद, माइक बंद, आणि बाहेरच्या खोलीत ताईने खुर्ची ओढली तरी दिवा. खाली चष्म्याच्या दुकानाचं दार उघडलं की दिवा. एकदा आम्ही दोघं अगदी गप्प बसलो होतो. दिवा थांबून थांबून लागत होता, एकसारख्या अंतराने. मला उलगडा होईना. मग ताईने माझ्या मनगटाकडे बोट दाखवलं. मी घड्याळ काढून खिडकीबाहेरच्या कठड्यावर ठेवलं, तरी दिवा सेकंदाच्या काट्याबरोबर लागत राहिला.

मी रात्रभर नाही, पण दोन दिवस दुपारी जेवणाच्या सुट्टीत त्या अकराशे चाळीस ओळी कागदावर छापून पेन्सिलीने वाचल्या. एक चूक सापडली, ओळींशेजारी माझ्यासाठी लिहिलेल्या टिप्पणीतल्या तारखेची.

पुढच्या रविवारी मी ताईकडे गेलो. दवाखाना बंद होता, ती फाइली लावत होती. मी सहज विचारल्यासारखं केलं, "आई तुझ्याकडे आली ती तू बोलावलंस म्हणून ना? कान हवा होता म्हणून?"

"मी कुठे बोलावलं," ताई म्हणाली. "माझाच कान चालत होता की तेव्हा. बॅग घेऊन दारात उभी राहिली. म्हणाली, तुझ्या त्या मशीनला काही उपयोग होईल का गं माझा? मी म्हटलं, होईल की. मग मी तिच्यासाठी ते सकाळचं काम काढलं." तिने फाइल बंद केली. "का रे?"

"काही नाही."

"बारक्या."

"ताई, मला पाच मिनिटं एकट्याला बसू दे."

तिने हातातली फाइल कपाटात ठेवली. मग बाहेरच्या खोलीत गेली आणि दार ओढून घेतलं.

मी पेटीसमोर बसलो. माइक बंद होता, तो तसाच राहू दिला. काचेपलीकडे खुर्ची, हेडफोन, बटण.

"आई," मी म्हटलं.

दिवा लागला, मालवला.

"बरी आहेस ना?"

तेवढाच वेळ लागला, मालवला. माझ्या शब्दांइतकाच. तिची सवय तशीच होती, अचूक. मला एकदम तिच्या मांडीवर डोकं ठेवावंसं वाटलं. या वयात, त्या टेबलाशी.

मी आणखी काहीबाही बोललो. जेवलो म्हटलं. स्क्रू सापडला म्हटलं. दिवा लागत होता, मालवत होता.

मग विचारलं.

"आई, माझ्याकडून निघालीस त्याच्या आधीच्या रविवारी मी स्वयंपाकघरात काही बोललो होतो. ते तू ऐकलंस का?"

दिवा लागला.

मी बोलायचा थांबलो.

दिवा लागलेलाच होता.

मी श्वास धरून बसलो. घड्याळ घरीच ठेवून आलो होतो. रस्त्यावर काही नव्हतं. ताई दारापलीकडे हलत नव्हती.

"आई, संपलं माझं बोलणं," मी म्हटलं.

दिवा तसाच.

मी उठून केबिन उघडली. बटण हुकावर होतं. हातात घेतलं, दाबलेलं नव्हतं. दाबलं, सोडलं. बाहेर येऊन त्याची वायर पेटीतून उपसली. दिवा लागलेलाच.

ताई आत आली. तिने दिवा पाहिला, माझ्या हातातली वायर पाहिली आणि माझा चेहरा पाहिला. "काय विचारलंस तिला?"

मी सांगितलं. अकरा वर्षांत पहिल्यांदा, त्या वाक्यासकट सगळं सांगितलं. ती माझ्या शेजारच्या स्टुलावर बसली. तिने माझ्या पाठीवर हात ठेवला. तो तिने काढला नाही.

"किती वेळ झाला लागून?" तिने विचारलं. पेशंटच्या बाबतीत ती पहिल्यांदा हेच विचारते.

ते पेटी सांगते. मीच तशी व्यवस्था केली होती, दिवा किती सेकंद लागलाय त्याचा आकडा पडद्यावर चालू राहतो. मी विचारून वीसेक मिनिटं झाली असतील, म्हणजे बाराशेच्या आसपास आकडा हवा होता. मी पडद्याकडे पाहिलं. आकड्यासाठी मी सहा घरं ठेवली होती. आलेला आकडा नऊ घरांचा होता आणि त्याने शेजारचा रकाना पलीकडे ढकलला होता.

"बिघडलं," मी म्हटलं. मला फार हलकं वाटलं. "हा कचरा आहे ताई, असं होतं. ड्रायव्हरमध्येच काहीतरी आहे."

तरीही सवयीने आकडा कागदावर उतरवला. पस्तीस कोटी चव्वेचाळीस लाख पंधरा हजार आठशे. कचरा आहे हे सिद्ध करायला मी त्याचे दिवस काढले. चार हजार एकशे दोन दिवस आले आणि वर बरोबर पन्नास मिनिटं. मग दिवस उलटे मोजले, मधली लीप वर्षं धरून. हे मी तीनदा केलं. चौथ्यांदा ताईने केलं, तिच्या पद्धतीने, भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट ठेवून.

तिलाही रविवारच आला. आई बुधवारी तिच्या दारात आली, त्याच्या तीन दिवस आधीचा. आकडा उतरवला तेव्हा पेटीच्या घड्याळात चार वाजून पाच मिनिटं झाली होती. त्यातून पन्नास मिनिटं मी वजा केली नाहीत, पण ती आपोआप झाली आणि सव्वातीन उरले.

"बंद करू का पेटी?" ताईने हळूच विचारलं.

मी नको म्हटलं. पडद्यावर आकडा एकेकाने वाढत होता. आवाज थांबला की बटण सोडायचं, एवढं एकच आईला शिकवावं लागलं होतं, आणि ताई सांगते, सात वर्षांत तिने ते एकदाही चुकवलं नाही.